रंगूबाईनं वेचलेले दगड

आमच्या सासूबाई रंगूबाई यांचं दगडाशी हाडवैर. घरात कुणी काही सांडलं-फोडलं तर माफ, पण वावरात दगड दिसला की यांच्या कपाळाला आठी. गिरणारे गावाच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला आमचं उताराचं वावर. लग्न होऊन आल्या तेव्हा तिथं औत चालत नव्हतं म्हणे, फाळ नुसता खणखण वाजायचा. सासरे म्हणाले होते, सोडून दे, त्या रानात काय राम नाय. या बाईनं डोक्यावर पाटी घेतली आणि दगड वेचायला लागली, ती आजतागायत. वावराच्या कडेनं वरपासून खालपर्यंत वेचलेल्या दगडांचा बांध झालाय, चांगला कंबरेइतका. पाहुणा आला की चहाआधी बांध दाखवायचा.

बरं, एकदा वेचून संपावेत की नाही? पावसाळा सरला की ये रे माझ्या मागल्या, दगड पुन्हा हजर. "उगवत्यात गं मेले," आई म्हणायच्या. दगड काय मुळा आहे का उगवायला? पण मी तरी काय बोलणार, दरवर्षी डोळ्यांनी बघत होते ना!

आमच्या शेजारचा मल्हारी म्हणजे आळशांचा पाटील. त्यानं जन्मात दगड उचलला नाही. औताला आडवे येणारे धोंडे तेवढे बाजूला लोटले, बाकी गोटे जिथल्या तिथं. आई त्याला चिडवायच्या, "मल्हारी, दगडाची काढणी कधी रं?" तो पण निर्लज्ज. म्हणायचा, "काकी, त्यास्नी उचलायचं म्हंजी मला वाकावं लागंल."

यंदा दसऱ्यासाठी दोघांच्याही वावरात झेंडू होता. भाद्रपदात पाऊस असा झोडपून गेला की ओढा लाल झाला, आणि मग जी उघडीप पडली ती पडलीच. आमच्या वरच्या तुकड्यानं दुपारची मान टाकायला सुरुवात केली. पाणी दिलं, तरी दुसऱ्या दिवशी तेच. कळ्या जागच्या जागी वाळल्या. आणि मल्हारीचा झेंडू? गोट्यांच्या मधून ताठ उभा, पिवळाधमक!

आई मधोमध उभ्या राहून एकदा इकडं बघायच्या, एकदा तिकडं. "साधना, मी काय कमी केलं गं?" मला इतका राग आला त्या मल्हारीचा, काय सांगू. त्याची काही चूक नव्हती, तरी आला.

माझी लेक हर्षाली नाशिकला कॉलेजात भूगोल शिकते. डोंगर कसे झिजतात, खडकाची माती कशी होते, असलं काहीतरी. रविवारी घरी आली, तिला वावर दाखवलं. तिनं कुदळ घेतली, आमच्यात एक खड्डा केला आणि मल्हारीला विचारून त्याच्यात एक. आमच्या वरच्या तुकड्यात वीतभर माती, खाली लगेच पिवळट मुरूम. मल्हारीकडं कोपरापर्यंत हात गेला तरी मातीच.

"आजी, दगड उगवत नाहीत गं. माती वाहून जाते, म्हणून खालचे उघडे पडतात. वरचे बारके गोटे पावसाचा मार अंगावर घेतात, खाली ओल राहते. ते काढले की पाऊस सरळ मातीलाच धुतो."

आई खड्ड्यात बघत राहिल्या. "म्हंजी दगड वर येत नव्हते? वावरच खाली चाललं व्हतं?"

"हो."

"मग आता नवी माती कधी व्हईल?"

"मुरमाचीच होते माती. पण त्याला हजारो वर्षं लागतात, आजी."

"मग मी जन्मभर केलं काय?"

माझं डोकंच फिरलं. "काय केलं म्हणजे? औत चाललं ते कुणामुळं? पोरांची शिक्षणं कशावर झाली? हर्षाली, सांग की आता, गप का?"

"ते पण खरंय, मम्मी. वेचलं नसतं तर शेतीच झाली नसती. आणि मल्हारीकाकांच्या वावराला उतारही कमी आहे. सगळं दगडांवर ढकलता येत नाही."

"मग मी चुकले का बरोबर?" आईंनी विचारलं.

"दोन्ही."

"दोन्ही कसं असंल? एक काय ते सांग."

हर्षाली कुदळीनं खड्डा बुजवायला लागली. आमचे हे, म्हणजे महेश, हसून म्हणाले, "करायला गेलो गणपती अन् झाला मारुती." मी असे डोळे वटारले की गुमान मोटर बघायला गेले. त्या दिवशी आई जेवल्या नाहीत.

सकाळी बघते तर आई पाटी घेऊन बांधाशी. बारके गोटे काढायच्या, वरच्या तुकड्यात नेऊन टाकायच्या. दगड मारल्यासारखं नाही, एकेक खाली ठेवत होत्या. मल्हारी धावत आला. "काकी, बरं हाय ना?"

"गप. तुझ्यासारखं करती हाय."

वाटलं, आता हा काहीतरी टोमणा मारणार. पण त्यानं वाकून त्यांची पाटी उचलली आणि पुढं चालायला लागला.

तेवढ्यात आई थांबल्या. सरीत आधीचाच एक गोटा उघडा पडला होता, तो त्यांनी नकळत उचलला होता. हातात धरून एकदा बांधाकडं बघितलं, एकदा झाडांकडं.

"साधना, ह्यो वेचू का राहू दिऊ?"

या वावरात काय करायचं ते त्यांनी आजवर नवऱ्याला विचारलं नव्हतं, पोराला विचारलं नव्हतं.

"राहू द्या, आई," मी म्हटलं. मला तरी कुठं कळत होतं!

त्यांनी तो खाली ठेवला, पण त्यावरचा हात काही लवकर काढला नाही.