चौदा जोड मोजे

आमच्या टीमची सहल ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. नागपूरहून बंगळुरूला येऊन तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात वाढदिवसाच्या केकपासून निरोपाच्या भेटवस्तूपर्यंत सगळं मीच आणत होतो. या वेळी रिसॉर्ट नको, घाटातलं ते जुनं राखीव जंगल बघू, असं अण्णांनी सुचवलं.

अण्णा टेस्टिंगमधले सगळ्यात वयस्क, पन्नाशीला टेकलेले. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. दिवसभर हिंदी-इंग्रजी झाल्यावर चहाच्या टपरीवर त्यांच्याशी कानडी मिसळलेलं का होईना, मराठी बोलायला मिळायचं, म्हणून मी त्यांना चिकटून असायचो. त्यांचे वडील लाकडाच्या लॉरीवर ड्रायव्हर होते. त्याच घाटात तोडलेले ओंडके ते शहरातल्या वखारीत आणून टाकत.

"मी ती झाडं आडवीच बघितलोय रे," अण्णा म्हणाले. "ओंडक्यावर बसलो की पाय जमिनीला पोचायचे नाहीत. आता स्वल्प उभी बघू या की."

त्या जंगलात एकट्यादुकट्याला सोडत नाहीत. संस्थेचं पत्र लागतं, प्रत्येकाच्या ओळखपत्राची प्रत पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि परवाना नावानिशी येतो. मागाहून नाव घालता येत नाही. मी चौदा जणांच्या प्रती गोळा केल्या आणि पत्रावर सही घ्यायला मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी यादी वाचली, दार लावून घ्यायला सांगितलं आणि तीन नावांवर रेघ मारली.

"ग्यारह का ही करना. और ये बात यहीं रहनी चाहिए."

कपातीची कुजबुज ऑफिसात होतीच. मी आधी माझं नाव शाबूत आहे का ते बघितलं, मगच कोणाची गेली ते. मधली रेघ अण्णांच्या नावावर होती. तेव्हा मी काहीतरी बोलायला हवं होतं. काय, ते मला अजून सुचलेलं नाही. मी घाबरलो, एवढंच खरं.

जंगलखात्याकडे अकरा नावं गेली आणि ऑफिसात मी चौदा जणांची सहल ठरवत राहिलो. ग्रुपवर शाकाहारी किती ते विचारलं. गाडीत खिडकीपाशी कोण बसणार यावरून जुंपली, ती मिटवली. अण्णा एक दिवसाआड विचारत, "माझी प्रत पोचली ना रे?"

"पोचली अण्णा."

ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

मग मोज्यांचं निघालं. तिथे जळवा फार, त्यामुळे बुटात गुडघ्यापर्यंत येणारे जाड कापडाचे मोजे घालावे लागतात. अण्णांच्या घरी परंपरेने शिवणकाम, वहिनी अजून ब्लाउज शिवतात. मोजे त्याच शिवून देतील, असं अण्णांनी जाहीर केलं. कशाला त्यांना त्रास, विकत मिळतात, असं मी दोनदा म्हटलं. त्यापलीकडे माझी मजल गेली नाही. एका दुपारी अण्णा टेप घेऊन टेबलाटेबलाशी फिरले, प्रत्येकाला बूट काढायला लावला आणि पायाचं माप वहीत उतरवलं. मॅनेजरनेही हसत हसत पाय पुढे केला.

सहलीला नऊ दिवस असताना तिघांना एकेक करून खोलीत बोलावलं. अण्णा बाहेर आले, लॅपटॉप जमा केला आणि सिक्युरिटीवाला शेजारी उभा असताना माझ्या टेबलावर एक कापडी पिशवी ठेवली. "तिनं कालच पुरे केले. चौदा आहेत, मोजून घे," म्हणाले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. नोकरीबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

"एक विचारू? परवाना आधीच निघालाय, त्यात माझं नाव असणारच. तुमच्या गाडीतून नको. मी बसनं येतो, गेटपाशी थांबतो. सगळ्यांच्या मागून चालीन. चालेल का रे?"

मी सांगितलं, कंपनीने कालच तुमचं नाव काढायला लावलं. ऐन वेळी तोंडाला आलं ते हे.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कानडीत 'बरं'. मग म्हणाले, "तू तरी काय करणार. माझ्यासाठी तेवढी धडपड केलास, ते मी विसरणार नाही. उभ्या झाडांचे फोटो पाठव मात्र."

आम्ही अकरा जण गेलो. झाडं इतकी उंच होती की शेंडे दिसत नव्हते. मी पुष्कळ फोटो काढले, त्यातला एकही अण्णांना पाठवायची हिंमत आजवर झाली नाही. पावसाने वाट चिखलाची झाली होती आणि पानापानावर जळवा वळवळत होत्या. वहिनींचे मोजे सगळ्यांना मापात बसले. जळू एकालाही लागली नाही.