बाजाराचं गटार आणि माझा अंगठा

“पाटी भायर ठेव. आणि तूय थंयच बस.”

सरपंच म्हणाले. आत पाच माणसं खुर्च्यांवर, चहा पीत. मी उंबऱ्याबाहेर, सारवलेल्या जमिनीवर. मासे विकून सरळ आले होते, अंगाला वास होता, मान्य. पण मी पाणी मागायला नव्हते आले. मी त्या पंचायतीची सभासद होते!

ही साठ-एकसष्टपासूनची गोष्ट. पंचायतीत बाईमाणूस हवं असा कायदा आला. सरपंचांनी आमच्या मच्छीमारांच्या गाबीतवाडीतून मला उचललं. विधवा, अडाणी, गप्प. आणखी काय पाहिजे? सभेचं बोलावणं कधी आलंच नाही. शिपाई वही घेऊन दारात यायचा, मी अंगठा उठवायचे. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. सरकारची वही माझ्या दारात येते म्हणून मी वाडीत ताठ चालायचे.

मग बाजाराचं गटार खाडीत सोडलं. खानावळींचं खरकटं, तेलाच्या घाण्याचं धुवण, सगळं. तेही नेमकं, सुकतीला पाणी उतरलं की आम्ही बाया चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायचो तिथे. महिन्याभरात तिसऱ्या तोंड उघडून मेल्या. चिखलात हात घातला की दिवसभर वास जायचा नाही. त्या तिसऱ्यांवर अर्ध्या वाडीची चूल होती.

बाया जाब विचारायला पंचायतीत गेल्या. कारकुनाने वही उघडून दाखवली. ठरावाखाली माझा अंगठा.

शेजारीण तिथूनच ओरडत आली. “तुझ्याच अंगठ्यान ही घाण इली गो! आता तूच खा!”

वाचता येत नव्हतं, हे कारण नव्हतं. कशावर अंगठा देते ते मी कधी विचारलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी खाडीवर गेले की बाया उठून पलीकडे जायच्या. घरात तर कोणीच नाही. आमटीत मीठ जास्त पडलं, एवढं सांगायलासुद्धा माणूस नाही. फार एकटं वाटायचं. आणि दोष माझाच, म्हणून रडायचीही लाज.

पुढच्या ठरावाची वही आली. या वेळी विचारलं, “ह्यात काय लिवलाहा?”

शिपाई म्हणाला, गटार आता सिमेंटचं होणार, कायमचं. मी अंगठा न देता वही परत पाठवली, सभेचा दिवस विचारून घेतला आणि सभेला गेले.

तर मला बाहेर बसवलं.

बसल्या जागेवरूनच बोलले. “आमी न्हाणीचा पाणी माडाक सोडतो. बाजारामागे तुमचो एवढो मोठो भाट आसा. गटार थंय वळवा. खाडीय चांगली रवात, माडय वाढतले.”

भाट म्हणजे नारळीची बाग. सरपंचांची. बाकीचे हसले. सरपंच नाही हसले.

“माझ्या माडांका बाजाराची घाण घालू?”

“आमच्या पोटात चलता ती?”

सरपंचांनी कप खाली ठेवला. म्हणाले, “तुका काय कळता? अंगठो दी आणि घराक जा.”

तेव्हा मी उठले. आत गेले. टेबलाला हात टेकून म्हटलं, “मी अंगठो देवचंय नाय. माझो विरोध आसा, तसा लिवा.”

“बाई, आपल्याकडे विरोध लिहायची पद्धत नाही,” कारकून म्हणाला.

“मगे आजपासून घाला.”

लिहीपर्यंत मी टेबलासमोरून हलले नाही. लिहिलेलं मोठ्याने वाचून घेतलं, दोनदा. ठराव तरीही झालाच, पाच विरुद्ध एक. गटार पक्कं बांधलं. मी विरोध केला हे बायांना खरं वाटत नाही. त्या अजून बोलत नाहीत. नाही तर नाही.

मी आता दर सभेला जाते. खुर्ची दिली नाही तर उभी राहते. दर वेळी तेच मांडते, गटार भाटात वळवा. दर वेळी ते पाचजण नाही म्हणतात. म्हणू देत. पण ते माझ्या तोंडावर म्हणावं लागेल त्यांना. एकही सभा मी चुकवणार नाही.