भाऊजींचे सात, आमचे आठ

आमच्या भाऊजींना मोजता येत नाही, हे मी गेली कित्येक वर्षं नातेवाइकांत सांगत आलो. लग्नात सांगितलं, बारशात सांगितलं, एकदा तर तेरवीच्या पंगतीतही सांगितलं. माणसं जेवायला बसली आणि बोलायला काही सुचेनासं झालं, की मी हळूच विचारायचो, "भाऊजी, करंडक किती झाले?"

भाऊजी वरणात पोळी कुस्करत म्हणायचे, "सात."

मी पंगतीकडे वळून म्हणायचो, "आठ. पोरी शिकवता शिकवता यांची उजळणी राहूनच गेली."

पंगत हसायची. भाऊजीही हसायचे आणि वरण मागायचे. घरात बोलण्यात पटाईत म्हणून माझं जे काही नाव आहे, त्यातला बराच भाग या एका विनोदावर उभा होता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर आत वळलं की एक गाव लागतं, तिथल्या लहानशा कॉलेजात ते खेळाचे सर. कागदावर या पदाला 'शारीरिक शिक्षण संचालक' म्हणतात. ताईचं लग्न ठरताना आमच्या बाबांनी फक्त 'संचालक' एवढंच ऐकलं होतं आणि जावई कुठल्यातरी कारखान्यावर असेल असं समजून होकार दिला होता. लग्नानंतर पहिल्यांदा लेकीकडे गेले तेव्हा संचालक हातात खराटा घेऊन मैदान झाडत होते. बाबा परत आले ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

तो खराटा ही भाऊजींची सगळी शिक्षणपद्धती. मुलींच्या बास्केटबॉलसाठी त्यांनी सिमेंटचं एक कोर्ट करून घेतलं होतं. पण कॉलेजची जमीन गावातल्याच शेतकऱ्यांनी दिलेली, त्यामुळे हंगामात ते तिथे सोयाबीन वाळायला टाकत आणि त्यांना नाही म्हणायची कोणाची छाती नव्हती. मग रोज खेळाआधी कोर्ट झाडायचं. कोणी? तर ज्याच्या हातून आदल्या दिवशी चूक झाली, त्यानं. पास चुकला, झाडा. उशीर झाला, झाडा. भाऊजी मुलींवर कधी ओरडले नाहीत, नुसता खराटा पुढे करायचे. स्वतःची चूक झाली तर स्वतः झाडायचे. बाबांनी पाहिलं तो असाच दिवस होता.

कोर्टाला रिंग एकच. दुसरा खांब एका वादळात पडला आणि नव्याचा कागद पुढची कित्येक वर्षं मंजुरीला फिरत राहिला. उरलेली रिंग पाण्याच्या टाकीच्या बाजूला. म्हणून भाऊजींचा सगळा सराव एका वाक्यात मावायचा, "टाकीकडं न्या." या शिकवणुकीवर ते टीम घेऊन पहिल्यांदा अमरावतीला गेले. मध्यंतरापर्यंत पोरींनी समोरच्यांची दाणादाण उडवली. मध्यंतरानंतर बाजू बदलतात हे सगळ्यांना पाठ होतं. पण पहिल्या अर्ध्यात ज्या रिंगवर खेळत होते, तिच्या मागेही नेमकी एक टाकी होती. एका पोरीनं बॉल घेतला, दोघींना चकवलं, टाकीकडं नेला आणि स्वतःच्याच टीमच्या रिंगमध्ये असा सुरेख टाकला की पंचांनाही शिट्टी वाजवायला क्षणभर उशीर झाला. सामना हरले. दुसऱ्या दिवशी कोर्ट भाऊजींनी झाडलं. त्या पोरीला हात लावू दिला नाही. चूक आपण शिकवली होती म्हणाले.

तिथून पुढे मात्र हे लहानसं कॉलेज मोठमोठ्यांना भारी पडायला लागलं. त्यांच्या पोरी शहरातल्यांसारख्या उंच नव्हत्या, बूटही सगळ्यांना सारखे नव्हते, पण बॉल हातात आल्यावर तो कुठं द्यायचा याचा विचार त्यांनी आधीच केलेला असायचा. सोयाबीनच्या ढिगांमधून वाट काढत खेळलेल्या पोरींना पुढे उभ्या असलेल्या माणसांचं काय. विद्यापीठाचा करंडक एकदा आला, दोनदा आला, मग त्याला सवयच लागली. प्राचार्यांच्या खोलीतलं कपाट करंडकांना पुरेना, तेव्हा प्रवेश अर्ज बाहेर टेबलावर आले.

आता अकोल्याची गोष्ट.

मी अकोल्यात एका कार्यालयात कारकून. त्या वर्षी अंतिम सामना आमच्या गावात, समोर यजमान कॉलेजची टीम. त्या टीमच्या कोच एक उंच, कडक मॅडम. मी भाऊजींना चिअर करायला म्हणून सुट्टी टाकून गेलो. पाहतो तर स्कोअर लिहिणारा माणूसच आलेला नाही. मॅडमची नजर फिरत फिरत माझ्या शर्टाच्या खिशाला लावलेल्या पेनावर थांबली.

"तुमाले लिहिता येते का?"

"कारकून आहे मी."

"मंग बसा."

समोरच्या कोचचा मी सख्खा साळा आहे, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. भाऊजी कोर्टाच्या त्या टोकाला पोरींना पळवत होते. त्यांनी वळून पाहिलं तोवर मी टेबलावर फूटपट्टीसकट बसलो होतो. त्यांनी कपाळाला हात लावलेला मला दुरून दिसला. मला वाटलं ऊन लागतंय.

सामना ओढून ताणून चालला. शेवटी भाऊजींच्या टीमचे पन्नास झाले, अकोल्याचे एकोणपन्नास. पंचांनी सही केली. मी स्वतःच्या हातानं लिहिलेला स्कोअर असल्यामुळे हा विजय मला जरा जास्तच माझा वाटला, आणि पुढच्या काळात मी तो तसाच सांगितला. भाऊजींच्या गावात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून मिरवणूक निघाली. लांबून टाकण्यात तरबेज अशी एक पोरगी त्या टीममध्ये होती. तिची आई सोयाबीन कापायला, सोंगणीला गेली होती. ट्रॉली शेताच्या धुऱ्याजवळून, बांधाला लागून गेली तशी ती विळा हातात घेऊनच वर चढली. पोरीनं गळ्यातलं मेडल काढून आईच्या गळ्यात घातलं. ते मेडल आजही त्यांच्या घरात देवाधर्माच्या जागी, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी आहे. ती पोरगी आता हिवरखेडच्या बाजूला शाळेत खेळाची शिक्षिका आहे. टीममधल्या सगळ्याच पोरी मला मामा म्हणायच्या, ती अजून म्हणते. तिच्या तीन वर्षांत कॉलेजनं करंडक जिंकला तो तेवढा एकच.

यंदा भाऊजी रिटायर झाले. जुन्या पोरींनी सत्कार ठरवला आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी नाही म्हणत नाही, या दोन गुणांमुळे माझ्याकडे अशी कामं येतात. मी चार दिवस खपून मजकूर केला. 'आठ वेळा विद्यापीठाचा करंडक खेचून आणणारे' या ओळीवर मी स्वतःच दोनदा खूश झालो. छापायला देण्याआधी दाखवावा म्हणून अमरावतीला ताईकडे गेलो, कारण रिटायर होताच दोघं तिथं राहायला आले होते.

भाऊजींनी चष्मा लावला, वाचलं, माझ्याच खिशातलं पेन घेतलं आणि आठ खोडून सात केला.

"भाऊजी, हे छापायचं आहे. आता तरी बोटावर मोजा."

"मोजले. सात."

"मी सालवार सांगू का?"

"सांगा न."

मी सांगितले. आठ झाले. भाऊजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अकोल्याचा धरू नका."

"काहून?"

त्यांनी पेन माझ्या खिशात परत अडकवलं. ताई आतून चहा घेऊन आली. "सांगून टाका न आता याले. किती दिवस पोटात ठेवान."

"याले सांगतलं तं चार दिवसात तेल्हाऱ्यापर्यंत जाईन."

"जाऊ द्या. आता तुमाले कोण नोकरीवरून काढते."

ताईनंच मग कपाटातून वही काढली. भाऊजींची एक रीत होती. सामना झाला की चहाला थांबायचं आणि प्रत्येक पोरीनं आठवून सांगायचं, आपण किती बास्केट टाकल्या, कुठून टाकल्या. ते सगळं ते वहीत लिहायचे. अकोल्याहून येताना पोरी एसटीत नाचत होत्या, म्हणून ही उजळणी दुसऱ्या दिवशी कोर्टावर झाली. वहीत ते पान होतं. बारीक अक्षरात एकेका पोरीचं नाव, एकेक बास्केट. खाली बेरीज एकोणपन्नास. शेजारी पुन्हा एकदा बेरीज, एकोणपन्नास. आणि लांबून टाकणाऱ्या त्या पोरीच्या नावापुढे एक ओळ, 'म्हणते पाय लाईनीवर होता, पंचांनी दोन बोटं दाखवली.'

लांबून टाकली तर तीन गुण, पाय रेषेवर असला तर दोनच. तीन असतील तर स्कोअर लिहिणाऱ्यानं खेळाडूच्या नंबरभोवती गोल काढायचा. पंचाच्या बोटांकडे बघायचं आणि मग लिहायचं, एवढंच काम.

मला ती बास्केट स्वच्छ आठवत होती, कारण ती पडली तेव्हा मी खुर्चीवर नव्हतोच. मी उभा राहून दोन्ही हात वर करून नाचत होतो. स्कोअर लिहिणाऱ्यानं असं करायचं नसतं. पंचांनी काय दाखवलं हे मी पाहिलंच नाही. खाली बसलो, पेन शोधलं, पाटी उलटणाऱ्या शिपायाला "तीन" म्हणून सांगितलं आणि नंबरभोवती गोल काढला. चांगला गोल होता. माझे गोल चांगले येतात.

"म्हणजे हरलो होतो?" मी विचारलं.

"हरलो कुठं. बरोबरी होती. अजून पाच मिनिट खेळा लागले असते. कदाचित जिंकलोही असतो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं न. पुढच्या आठवड्यात अकोल्याले गेलतो, त्या मॅडमले वही दाखवली. त्या म्हणाल्या, सर, तक्रार करायची तं मी करायची, अन् मी काई करून नाही राहिली. घरी जा." भाऊजींनी चहा संपवला. "पोरींले नाही सांगतलं. ते माय ट्रॉलीवर चढली होती."

"अन् मले?"

"तुमाले काय सांगता. तुमी तं लग्नालग्नात ते आठ मोजून राहिले होते. मोडावं वाटलं नाही."

आता पंगतीतलं ते हसू मला आठवलं आणि ताईनं पुढे केलेलं बिस्किट मी चहात धरून ठेवलं ते तिथंच विरघळलं.

अडचण अशी होती की भाऊजी खोटं छापू देणार नव्हते. आठ वाचला तर आपण उठून जाऊ म्हणाले, आणि ते जातात, मला माहीत आहे. सात वाचला, तर पुढच्या रांगेत बसलेल्या त्या पोरीनं आपल्या एकुलत्या एका करंडकाचं काय करायचं? त्यापेक्षा मानपत्रच नको, नुसता नारळ द्या, इथपर्यंत भाऊजी आले होते. मी म्हटलं, राहू द्या माझ्याकडे. ताई म्हणाली, "तुह्याकडंच राहिलं म्हणून तं झालं हे."

सत्कार कॉलेजच्या कोर्टाशेजारी मांडव टाकून झाला. प्रमुख पाहुण्या म्हणून अकोल्याच्या त्या मॅडमच आल्या होत्या. पोरी आल्या होत्या, कोणाच्या कडेवर लेकरू, कोणी पोलिसात, कोणी शेतात. मी इस्त्रीचा सफारी घालून उभा राहिलो आणि वाचलं. आकडा छापलाच नव्हता, शेवटच्या ओळी मी चिठ्ठीवर आणल्या होत्या.

"या कॉलेजच्या पोरींनी करंडक आठ वेळा जिंकला. सर सात मोजतात. दोघांचंही बरोबर आहे. मधला जो एक आहे, तो अकोल्यात माझ्या हातून चुकलेला आहे. पंचांनी दोन दाखवले, मी तीन लिहिले. पोरींची त्यात काही चूक नाही, त्या जेवढं खेळा म्हटलं तेवढं खेळल्या."

मॅडम मांडवाच्या कापडाकडे बघत राहिल्या. मग पुढच्या रांगेतून ती हिवरखेडची शिक्षिका उभी राहिली.

"मामा, मी तं दुसऱ्याच दिवशी सरांले सांगतलं होतं, दोनच होते म्हणून. सर म्हणे, तुले आठवत नसन." तिनं भाऊजींकडे पाहिलं. "बेरीज तं मलेबी येते. मीबी गप राहिली. वाटलं, सरांले आपल्यासाठी लपवायचं हाय तं लपवू द्या." मग बसता बसता म्हणाली, "मेडल मात्र मी वापस देत नाही. मायनं ठेवलं ते."

"कोन मांगते तुले," मॅडम वर कापडाकडे बघतच म्हणाल्या.

भाऊजींनी चष्मा काढून शालीच्या टोकानं पुसला. शाल नवी होती, काच जास्तच खराब झाली. मग ते उठले. मला वाटलं दोन शब्द बोलतील. ते माझ्या शेजारून मांडवामागे गेले आणि परत आले तेव्हा त्यांच्या हातात खराटा होता. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

पोरी आधी हसल्या, मग टाळ्या वाजवायला लागल्या. माझ्या आयुष्यात माझ्यासाठी वाजलेल्या एवढ्या टाळ्या या पहिल्याच.

त्याच आठवड्यात कोणीतरी सोयाबीन उचललं होतं, कोर्टभर टरफलं पसरली होती. मी सफारीच्या बाह्या दुमडल्या आणि झाडायला लागलो. इतकी वर्षं लोकांनी झाडलेलं पाहिलं होतं, पण खराटा कुठून धरायचा तेही मला माहीत नव्हतं. ती शिक्षिका रेषेजवळ येऊन उभी राहिली, पायानं टरफलं बाजूला केली आणि रेष कुठं आहे ते पाहिलं. मग पाऊल एक वीत मागे घेतलं आणि तिथंच उभी राहिली.

"झाडा लवकर, मामा. आमाले खेळाचं हाय."

भाऊजी शालीसकट कडेला खुर्चीवर बसले होते.

"टाकीकडचा कोपरा राह्यला," ते म्हणाले.