नकाशावरचा अकरा दिवसांचा मुक्काम

दुष्काळाच्या साली आईबाबा आणि काका मेंढरं घेऊन फुलंब्रीहून पैठणकडं निघाले, तेव्हा मी दोन वर्षांची होते. मला त्यातलं काहीच आठवत नाही. पुढं शहरात नोकरी लागली, पुंडलिकनगरात घर झालं, आईबाबाही माझ्याकडं राहायला आले. कामासाठी पायथन ही संगणकाची भाषा शिकताना नकाशावर रेघ चालवायचा धडा आला, आणि सरावाला मी त्यांचीच वाट घेतली.

बाबांनी मुक्कामाची गावं सांगितली. मी एकेकाचे अक्षांश-रेखांश शोधून यादी केली, दर फ्रेमला रेघ थोडी पुढं सरकेल असं लिहिलं. रविवारी दोघांना लॅपटॉपसमोर बसवलं. फुलंब्रीतून लाल रेघ निघाली, शहराच्या कडेनं खाली उतरली आणि दहा सेकंदांत पैठणला पोचली.

"लई घाई केली," बाबा म्हणाले. "बिडकीनच्या अलीकडं थांबाया पाहिजे."

"किती दिवस?"

आई म्हणाली, "अकरा. तुला ताप भरला व्हता, डोळे उघडीत नव्हती तू. तिथं मेंढरांना ना चारा, ना पाणी. तुझे काका सगळा कळप घेऊन पुढं गेले. हे काय हलले नाय. रोज तुला खांद्यावर टाकून डॉक्टरकडं न्यायचे."

"बाबा, मला कधी सांगितलं नाही?"

"बरी झालीस की! सांगायचं काय त्यात?"

मी यादी उघडली. आता त्या जागी कारखाने आहेत. नकाशावर नुसते राखाडी चौकोन दिसतात. तिथला ठिपका मी अकरा दिवस भरतील इतक्यांदा पुन्हापुन्हा टाकला. आकडे मधूनच धूसर होत होते. मग परत चालवलं. रेघ तिथवर आली आणि थांबली. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, तो रेघ हलेपर्यंत काढला नाही. बाबा चष्मा पुसत बसले.

नंतर त्यांनी तो व्हिडिओ स्वतःच्या फोनवर मागून घेतला आणि गावाकडं पाठवला. संध्याकाळी काकांचा फोन आला.

"पोरी, माझी रेघ कुठंय? मी मेंढरं घेऊन गंगापूरकडं वळलो व्हतो."

मी नवी यादी सुरू केली. "सांगा काका, तुम्ही निघालात, मग पहिला मुक्काम कुठं पडला?"