नीवेसची पिस्ता रंगाची दुपायी

इटलीतल्या मोंतालेरोच्या गुरुवारच्या बाजारात देल्फीनाच्या पालावरचा माल पाहिला की वाटे, या गावच्या बायकांना दोनच रंग दिसत असावेत. एक काळा, आणि दुसरा काळा धुऊन धुऊन विटल्यावर होतो तो. घरात घालायचे ढगळ झगे, लोकरीच्या बंड्या, जाड पायमोजे. नवरा गेलेल्या बाईला, सासू गेलेल्या सुनेला, आणि कुणीच न गेलेल्या बाईलाही देल्फीना तेच कपडे द्यायची. "कुणी ना कुणी जाणारच आहे," ती म्हणे, "घेऊन ठेव."

तिची सून नीवेस. ती मूळची या टेकड्यांतली नव्हे, पो नदीच्या मुखाकडच्या सपाट मुलखातली. ती शाळकरी असताना मोठा पूर आला आणि घर, गोठा, गोठ्यातली गाय, सगळं घेऊन गेला. सरकारने तिच्या घरच्यांना ट्रकात घालून इकडे पिएमाँतेत, हेझलनटच्या बागांमध्ये आणून सोडलं. शाळेतली पोरं तिला "बेडकी" म्हणत. पाण्यातून आलेली म्हणून. ती रडली नाही. त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसायला शिकली. पुढे तिचं देल्फीनाच्या ओरेस्तेशी लग्न झालं. ओरेस्ते दिवसाला चार वाक्यं बोले आणि बाजाराची व्हॅन चालवी. नीवेस काळे झगे घडी करायची, उलगडून दाखवायची, परत घडी करायची. तिचं हसणं मात्र बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कोंबड्या विकणाऱ्यालाही ऐकू जाई. पण गावात अजून तिची ओळख "देल्फीनाची ती पूरवाली सून" एवढीच.

त्र्याहत्तर सालच्या हिवाळ्यात पेट्रोल मिळेनासं झालं आणि सरकारने हुकूम काढला, रविवारी कुणी मोटार बाहेर काढायची नाही. मग लोकांनी गोठ्यांतून, माळ्यांवरून जुन्या सायकली खाली काढल्या. पुरुषांचं ठीक होतं. बायकांचे हाल झाले. रविवारी चर्चला जायचं म्हणजे चांगला अरुंद स्कर्ट हवा, आणि तो घालून सायकलवर बसायचं म्हणजे एका हाताने हॅन्डल आणि दुसऱ्या हाताने अब्रू धरायची.

पोस्टातली एर्सीलिया एका रविवारी अशीच आली. चाळिशीची, एकटी राहणारी, कॉलरला कायम इस्त्री. तिकिटाला थुंकी लावणाऱ्या माणसाकडे ती अशी बघायची की तो पुढच्या खेपेला ओला स्पंज शोधे. तर ती चौकात वळली, स्कर्टचा काठ चेनमध्ये अडकला, आणि प्रार्थना सुटून सगळं गाव पायऱ्यांवर उभं असताना ती कारंज्यासमोर आडवी झाली. स्कर्ट वर गेला. आत गुडघ्यापर्यंत लोकरीची गुलाबी चड्डी होती, ती सगळ्यांनी पाहिली.

आधी एक जण हसला, मग सगळेच. नीवेस धावली.

"कापू नकोस गं," एर्सीलिया जमिनीवरूनच कुजबुजली, "माझा रविवारचा स्कर्ट आहे."

"मग काय चेन कापू?" नीवेस म्हणाली आणि दातांनी शिवण उसवून तिने तिला सोडवलं. उठवून आपला कोट तिच्या कमरेला गुंडाळला आणि घरापर्यंत सोबत गेली. दारात एर्सीलिया म्हणाली, "आता मी कधी सायकलवर बसायची नाही."

त्यानंतर पोस्टाच्या खिडकीत ती मान वर न करता तिकिटं द्यायला लागली. नीवेसला ते पाहवेना. ती वाढली त्या मुलखात बायका न्हाणीघरात जाव्यात तितक्या सहज सायकलवर बसतात. तिची आई पोटुशी असतानाही सायकलवरून शेतावर जायची, स्कर्टला दोन पायांच्या मध्ये लाकडी चिमटा लावून.

फेब्रुवारी सरता सरता ती आणि ओरेस्ते वसंताचा माल आणायला तुरीन शहरात गेले. देल्फीनाने बजावलं होतं, "झगे आण. करडे जास्त आण, उन्हाळ्याचे." कमानींखालून चालताना नीवेस एका मोठ्या दुकानाच्या काचेपुढे थबकली. आत पुतळ्याच्या अंगावर पिस्त्याच्या रंगाचा एक रेशमी घोळदार कपडा होता.

"हे बघ," ती म्हणाली.

"स्कर्ट," ओरेस्ते म्हणाला.

"नीट बघ."

ओरेस्तेने टोपी मागे सारली. वाकला, काचेला नाक लावलं. "अगं, पँट आहे की! मधे शिवण आहे."

"बघ! तुला नाक लावून बघायला लागलं. आपल्या चर्चचे फादर फेर्मो तर लांब वेदीपाशी उभे असतात."

आतल्या मुलीने सांगितलं, की मिलानहून आलंय, या वसंतात सगळीकडे हेच चालणार, पिस्ता, जर्दाळू आणि फिकट आभाळी. नीवेसने आत जाऊन तो कपडा घालून पाहिला. कंबर अशी, की पोटात घास असलेली बाई तीत मावू नये. खिसा नाही. रेशीम इतकं नाजूक, की हेझलनटच्या एका फांदीने त्याचा निकाल लागला असता. पण चालून पाहिलं तेव्हा पायांभोवती कापड असं झुललं, की ती आरशापुढून हलेना.

करड्या झग्यांऐवजी तिने गॅबर्डीन या दणकट कापडाचे तागे व्हॅनमध्ये भरले. पिस्ता, जर्दाळू, आभाळी. ओरेस्तेने त्या दिवसाचं चौथं वाक्य उच्चारलं, "आई आपल्याला मारणार."

"झगे कुठायत?" देल्फीनाने दारातच विचारलं.

"याच्यात आहेत. अजून शिवायचेत."

देल्फीनाने ताग्याचं टोक बोटांत धरलं, मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं. "हिरवा? या गावात हिरवी फक्त सरडी असते आणि कोशिंबीर. तू बायकांना कोशिंबीर नेसवणार?"

"नेसवणार, आई."

मग स्वयंपाकघरात शिलाई मशीन घरघरायला लागलं. नीवेसने कागदावर बेतलं, स्वतःवर चढवून पाहिलं, उसवलं, परत बेतलं. पुढे-मागे खोल चुण्या घातल्या, म्हणजे उभं राहिल्यावर मधली शिवण दिसायची नाही. कमरेला पुढे सपाट पट्टी, मागे इलॅस्टिक. "दुकानाच्या काचेतली बाई जेवत नाही," ती ओरेस्तेला म्हणाली, "आपल्या बायका जेवतात." लांबी गुडघ्याच्या बरीच खाली, पण चेनच्या वर. आणि दोन्ही बाजूंना खिसे, असे खोल की किल्ल्या, रुमाल आणि अंडीसुद्धा मावावीत. देल्फीना खुर्चीत बसून सगळं पाही आणि त्या कपड्याला "दुपायी" म्हणून हिणवी. नाव तेच पडलं.

पहिल्या गुरुवारी नीवेसने पालाच्या पुढच्या दांडीवर दुपाया टांगल्या. वाऱ्यावर त्या फडफडल्या आणि अख्खा बाजार वळून बघायला लागला. विकत मात्र कुणी घेईना. बायका येत, हात लावत, खिशात हात घालून बघत, आणि सासू बाजारात आहे का हे पाहून पुढे सरकत. समोरच्या कमानीत आर्मीदाबाईंचं दुकान होतं. गावातलं एकमेव असं दुकान, जिथे कपड्याची किंमत विचारायला धीर लागे. त्या दारात येऊन म्हणाल्या, "सर्कस आली वाटतं. हत्ती कुठेय?"

"हत्ती यायचाय अजून," नीवेस म्हणाली, "तुमच्याकडे त्याच्या मापाचं काही आहे का?"

बाजार हसला. पण विक्री शून्य. संध्याकाळी देल्फीना घडी घालता घालता म्हणाली, "यांचे पडदे शिवून टाक. खिडक्या तरी झाकतील."

पुढच्या आठवड्यात बातमी पसरली, की पँट घालून आलेल्या बाईला फादर फेर्मो चर्चमध्ये घेणार नाहीत. मग तर पालाकडे कुणी फिरकेनाच. नीवेस रागाने लाल झाली, पण गेली नाही भांडायला. तिने फादरांच्या घरची कामवाली तेओफीला, जी रोज सकाळी टेकडीखालून सायकलवर दूध आणायची, तिला वाटेत गाठून दुपायी दाखवली. तेओफीलाचं अंग भारी, वय साठीचं, आणि तोंड असं की फादरही तिच्यासमोर कपाळावर क्रूस काढत.

"मला होईल का गं?" तिने एवढंच विचारलं.

"तुमच्यासाठीच शिवलीय म्हणा," नीवेस म्हणाली. रात्रीत तिने जर्दाळू रंगाची एक दुपायी रुंद करून तिला दिली.

गुरुवारी ऐन बाजारात फादर फेर्मो स्वतः आले. लोक बाजूला झाले. आर्मीदाबाई दारात आल्या, हाताची घडी घालून. देल्फीनाने मनातल्या मनात माळ ओढायला सुरुवात केली.

"नीवेस," फादर म्हणाले, "हा स्कर्ट आहे की विजार?"

"तुम्हीच सांगा, फादर." नीवेस स्वतः पिस्ता दुपायी घालून होती. ती पालाबाहेर आली, सरळ उभी राहिली, मग त्यांच्यासमोरून चालत गेली आणि परत आली. चुण्या मिटलेल्याच राहिल्या.

"हा तर स्कर्ट आहे," फादर म्हणाले.

तेवढ्यात चौकाच्या खालच्या अंगाने तेओफीला आली. दुधाचा कॅन हॅन्डलला, दोन्ही पाय पेडलवर, जर्दाळू रंगाचे दोन घोळ दोन्ही बाजूंनी फुगलेले, आणि चेहऱ्यावर असं समाधान की बघत राहावं. ती फादरांच्या पुढ्यात कच्चकन थांबली. "काय बघताय? आज पहिल्यांदा दूध सांडलं नाही. रोज एका हाताने स्कर्ट धरून सांडायचं आणि तुम्हाला कॉफीत कमी पडायचं. आता हे पाप असेल तर उद्यापासून काळी कॉफी प्या!"

फादर फेर्मोंनी चष्मा काढला. झग्याच्या बाहीने पुसला. पुन्हा लावला नाही, खिशात ठेवला. "मला इथून स्कर्टच दिसतोय," ते म्हणाले, "चर्चमध्ये वेदी याहून लांब आहे."

असा हशा उसळला की कोंबड्या ओरडायला लागल्या. आणि मग पालावर हात पडले. इतके की नीवेस टेपने एकीची कंबर मोजतेय तोवर दुसरी गाडीच्या आडोशाला जाऊन घालूनही आली. बेकरीवालीने आभाळी घेतली, मास्तरीणबाईंनी जर्दाळू, दोघी जावांनी एकाच पिस्त्यावरून तोंडं वाजवली. देल्फीना आधी स्टुलावर बसून होती, मग उठली, मग ओरडायला लागली, "ढकलू नका! माझी सून शिवेल अजून! हिला जर्दाळू नको, ही पिवळी पडेल, हिला आभाळी द्या!"

एर्सीलिया मात्र आली नव्हती. नीवेस दुपारी पोस्टात गेली आणि खिडकीतून पुडकं आत सरकवलं.

"मी सांगितलं ना, मी सायकलवर बसणार नाही."

"बसू नका. नुसती घालून उभ्या राहा. ईस्टरच्या सोमवारी आम्ही टेकडीवरच्या देवळाला सायकली घेऊन चाललोय."

"हसतील लोक."

"हसू देत. मी त्यांच्यापेक्षा मोठ्याने हसते. माहितीय ना तुम्हाला?"

एर्सीलियाने पुडकं परत केलं नाही. मान वर करून पाहिलं फक्त, पुष्कळ दिवसांनी.

ईस्टरच्या सोमवारी आभाळ धुतल्यासारखं होतं. एव्हाना सरकारने सुट्टीच्या दिवशी गाड्यांना सम-विषम नंबरांप्रमाणे पाळी लावली होती, त्यामुळे निम्म्या मोटारी घरीच होत्या. चौकात बायका जमल्या. टोपल्यांत उकडलेली अंडी, सलामी सॉसेज, पालेभाजी घातलेलं जाडजूड ऑम्लेट, दोल्चेत्तो वाइनच्या बाटल्या. कॅफेच्या खुर्च्यांवर पुरुष मजा बघायला बसलेले. निघणार एवढ्यात पोस्टाच्या बोळातून एर्सीलिया आली. पांढरा ब्लाउज, कॉलरला इस्त्री, खाली पिस्ता दुपायी. सायकल हातात धरलेली. ती कारंज्यापाशी आली, बरोबर त्याच जागी, पाय टाकून बसली आणि पेडल मारलं. एक फेरी. दुसऱ्या फेरीला कॅफेतला कुणीतरी टाळी वाजवायला लागला, आणि टाळ्या सगळ्या चौकात पसरल्या.

"आता काय इथेच गोल गोल फिरायचंय?" एर्सीलिया ओरडली. "चला!"

चढावर बऱ्याच जणी उतरून ढकलत गेल्या. एर्सीलिया उतरली नाही. नीवेस तिच्या मागे. हेझलनटच्या कोवळ्या पानांमधून ही पिस्ता, जर्दाळू, आभाळी रांग वळणं घेत वर चढली, आणि खालच्या बागांत काम करणारे लोक हात वर करून ओरडत राहिले.

वर देवळाच्या अंगणात शेजारच्या गावच्या बायका चादरी पसरून बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उठून आली, एर्सीलियाच्या चुण्यांना हात लावून म्हणाली, "हे कुठून आणलंत? मिलानहून?"

"मिलानहून कशाला?" एर्सीलिया म्हणाली. "आमची नीवेस शिवते."

नीवेस तेव्हा ऑम्लेट कापत होती. सुरी थांबली. इतकी वर्षं तिला "पूरवाली", "देल्फीनाची सून", "ती तिकडची" असं ऐकायची सवय झाली होती. "आमची" हा शब्द तिच्या वाट्याला त्या दिवशी पहिल्यांदा आला. तिने मान खाली घातली, एक तुकडा तोंडात टाकला, आणि मग तिला हसू आलं, तिचं ते नेहमीचं, दरीपलीकडे जाणारं. सगळ्याच हसायला लागल्या. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

परतीचा सगळा उतार होता. कुणीही ब्रेक लावला नाही.

पुढच्या आठवड्यात आर्मीदाबाईंच्या काचेत दुपायी लागली, रेशमी, खिसे नसलेली. नीवेस आत गेली, कमरेचं इलॅस्टिक चाचपलं आणि म्हणाली, "बाई, मागे जरा ढिलं द्या. आणि खिसे लावा. शिवून हवे असतील तर गुरुवारी या." आर्मीदाबाई आल्या. पाठीमागच्या बाजूने, पण आल्या. शेजारच्या गावांतून बायका आल्या. देल्फीनाने काळे झगे व्हॅनच्या तळाशी ढकलले आणि त्यांच्या जागी रंगीत तागे मांडले.

आणि दर वर्षी बर्फ वितळलं, की मोंतालेरोच्या बायका पालापाशी घोळका करून विचारत, "नीवेस, यंदा काय घालायचं गं?" ती टेप गळ्यात अडकवून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळे आणि हसत हसत सांगे.