धूर दिसला की यायचं

कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरातल्या एका हॉलमध्ये माझ्या मित्राच्या मुलीचा साखरपुडा चालू होता, तेव्हा मी सिटीत एस्टोनियन शॉर्ट फिल्म्स बघत बसलो होतो. एस्टोनिया नकाशात कुठे आहे हेही मला नीट ठाऊक नव्हतं. मी जुन्या गाड्या विकतो; माझ्याकडून एक घेऊन गेलेल्या एका एस्टोनियन बाईंनी कार्यक्रमाचा कागद हातात ठेवला होता. घासाघिशीत त्या मला पुरून उरल्या होत्या, म्हणून त्यांच्याबद्दल आदर होता. शिवाय शनिवारची संध्याकाळ घरी एकट्याने काढवली नसती.

मित्राने आमंत्रण व्हॉट्सॲपवर पाठवलं. सगळ्यांना तोच मेसेज, वर गणपतीचं चित्र. कॅनबेराला नवीन होतो तेव्हा आमच्या दोघांत एकच गादी होती. त्याची रात्रपाळी, माझी दिवसपाळी. गादी कधी गार पडायची नाही. अशा माणसाने घरी येऊन, हातावर अक्षत ठेवून बोलवायला नको? निदान फोन? मी वाट बघितली. फोन आला नाही. मग मीही ठरवलं, जायचं नाही.

प्रेक्षक बहुतेक म्हातारे, एकमेकांना ओळखणारे. मी शेजारच्या खुर्चीवर कोट ठेवला होता. तो उचला म्हणून कोणी सांगितलं नाही.

एक फिल्म अशी: बर्फात एक म्हातारा लाकडं फोडतो, अंगणातली वाफेच्या अंघोळीची लाकडी खोली तापवतो. शेतापलीकडचा शेजारी खांद्यावर टॉवेल टाकून येतो. दोघं वाफेत बसतात. बोलत कोणीच नाही. संपली.

नंतरच्या चर्चेत मी हात वर केला. "त्या शेजाऱ्याला बोलावलं कोणी?"

चर्चा त्या गाडीवाल्या बाईच चालवत होत्या. "कोणी नाही. शनिवारी धूर दिसला की यायचं."

"आणि नसता आला तर?"

"आजारी आहे, असं वाटलं असतं."

"अपमान झाला म्हणून आला नाही, असं नसतं वाटलं?"

"कसला अपमान?"

लोक हसले. माझं डोकं तापलं, पण त्यांना अक्षत कशी समजावणार?

चहाच्या वेळी बाई केकची थाळी घेऊन आल्या. "घेणार?"

"नको, नको," मी म्हणालो. सकाळपासून पोटात काही नव्हतं, पण पहिल्यांदा विचारल्यावर कोण हो म्हणतं? त्यांनी मान हलवली आणि थाळी पुढच्या माणसासमोर धरली. मी अर्धवट पुढे केलेला हात खिशात घातला. थाळी परत फिरली तेव्हा रिकामी होती.

घरी जायचा रस्ता त्या हॉलवरूनच जातो. तिथे कार पार्कमध्ये मी हीटर चालू ठेवून गाडीत बसलो. पाहुण्यांच्या गाड्या निघत होत्या. थोड्या वेळाने मित्र झब्ब्यावर जॅकेट चढवून कचऱ्याच्या पिशव्या टाकायला बाहेर आला. गाडी त्याने ओळखली. मी काच खाली केली.

"काय शेठ, इथेपण गाडी विकायला आलास?"

"इथून चाललो होतो."

"जेवून जा. उरलंय थोडं."

"नको रे, असू दे."

"बरं," तो म्हणाला आणि वळला.

मागे बघेल, पुन्हा म्हणेल, म्हणून मी थांबलो. तो दारापर्यंत पोचला. मी इंजिन बंद करून उतरलो.

"थांब. काय आहे जेवायला?"

"मसालेभात. गार झालाय."

"चालेल."

आत खुर्च्या एकावर एक रचत होते. मुलगी आणि व्याही निघून गेले होते. कोपऱ्यातल्या टेबलावर मी एकटाच जेवायला बसलो. घरी येऊन बोलवायला हवं होतंस, हे त्याला सुनावायचंच होतं. आजही माझं तेच म्हणणं आहे. पण तो हॉलवाल्याशी बोलण्यात अडकला होता. मध्येच एकदा माझ्या टेबलापाशी आला, न विचारता पानात जिलबी टाकली आणि खुर्च्या उचलायला गेला.