अस्वलाच्या गोष्टीचा शेवट

दिवाकरराव ढोमणे यांनी रेल्वेत चौतीस वर्षं फाटक बंद केलं आणि उघडलं, पण एक गोष्ट काही त्यांना शेवटपर्यंत सांगता आली नाही.

दोष थोडा त्यांचा, जास्त नोकरीचा. सालेकशाच्या पुढं जंगलात त्यांची गुमटी, म्हणजे फाटकवाल्याची खोली, आणि त्यांचं फाटक. ते पडलं की दोन्ही बाजूंना बैलगाड्या, सायकली, एखादा बांबूचा ट्रक उभा राहायचा. उभ्या माणसाला विरंगुळा पाहिजे म्हणून दिवाकरराव गोष्ट सुरू करायचे. गोष्ट रंगात आली की बैलसुद्धा रवंथ थांबवायचे, आणि नेमकी तेव्हाच मालगाडी धडधडत यायची. फाटक उघडलं की ऐकणारे पसार. इतक्या वर्षांत एकाही गाडीवानानं मागं वळून विचारलं नाही, की बाबा, मग पुढं काय झालं?

रिटायर होऊन ते रायपूरला ब्राह्मणपाऱ्यात मुलाकडे आले. तिथं मालगाडी नव्हती, पण कुकरची शिट्टी होती, दाराची घंटी होती, मुलाचा फोन होता. सगळ्यात जास्त हाल झाले ते अस्वलाच्या गोष्टीचे. ती न्हाव्याला सांगून झाली, बँकेच्या रांगेत झाली, तोंडात थर्मामीटर असताना डॉक्टरलाही अर्धी झाली. "ऐंशी सालची गोष्ट. मोहाची फुलं टपकून राहिली होती," इथं सुरू व्हायची आणि अस्वलानं फाटकाच्या हँडलवर पंजा ठेवला, इथं कोणीतरी उठून जायचं.

"त्या गोष्टीले शेवटच नाही," त्यांची बायको इंदू भाजी निवडता निवडता म्हणायची.

"शेवट आहे. टाइम कुठं देता तुम्ही लोकं मले?"

यावर इंदू नुसती देठं मोडत गालात हसायची. ते हसू दिवाकररावांना आवडायचं नाही. शेवट सांगायची त्यांना फार इच्छा होती आणि फार भीतीही होती. त्या भीतीचं पुढं येईल.

नातीच्या, पिंकीच्या, सातव्या वाढदिवसाला सूनबाईंनी, शर्मिष्ठानं, मोबाइलवरून तिकिटं काढली. भनपुरीकडे एका जुन्या गोदामात लहान पोरांचं नवीन संग्रहालय उघडलं होतं, आत सगळे खेळ. संग्रहालय म्हटल्यावर दिवाकररावांनी दोन्ही हात पाठीमागं बांधले. मागं एकदा एका संग्रहालयात त्यांनी एका मूर्तीच्या नाकाला बोट लावलं होतं, तेव्हा चौकीदारानं त्यांना सगळ्या शाळेच्या सहलीपुढं झापलं होतं. इथं मात्र भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, की प्रत्येक वस्तूला हात लावा. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि खात्री करायला आधी त्या पाटीलाच हात लावला.

मग मोज्यांचा प्रकार झाला. आत अनवाणी चालत नाही, बूटही चालत नाहीत. खाली रबराचे ठिपके असलेले मोजे घालावे लागतात. इंदूनं नऊवारीखाली ते घातले आणि ती माकडांना घाबरणाऱ्या माणसासारखी एकेक पाऊल टाकत आजी-आजोबांच्या बाकावर जाऊन बसली. दिवाकररावांना मोजे आवडले. फरशी पायाला धरून ठेवते, म्हणाले, रुळांवरच्या गँगमनला असे द्यायला पाहिजे होते.

आणि पुढच्या दालनात त्यांना ते दिसलं. बकरीएवढं इंजिन, चार डबे, गोल रूळ, पुठ्ठ्याच्या डोंगरातून बोगदा. रुळांना आडवा जाणारा रबराचा रस्ता, त्यावर पायानं चालवायच्या मोटारींतून फिरणारी पोरं. आणि जिथं रस्ता रुळांना भेटत होता, तिथं फाटक. लाल-पांढरं, खरं खरं हँडल फिरवून पडणारं. दिवाकररावांच्या तळहाताला खाज सुटली.

तिथं कामाला असलेली रीना नावाची मुलगी हसून म्हणाली, दादाजी, बसा तुम्हीच. तिनं त्यांना स्टूल, टोपी, लाल-हिरव्या झेंड्या आणि शिट्टी दिली. गाडी दर तीन मिनिटांनी आपोआप येते, एवढी माहितीही दिली. दिवाकररावांनी टोपी सरळ केली, रुळाकडे पाहिलं, शिट्टी मारली आणि बारा वर्षांनंतर फाटक पाडलं.

त्याच क्षणी बोगद्यात गाडीची मोटर जळाली. रीना मिस्त्रीला शोधायला गेली.

फाटकासमोर मोटारी साठू लागल्या. एक, चार, नऊ, बारा. सगळ्यात पुढं निळ्या मोटारीत पिंकी. लाल मोटारीतला एक गुटगुटीत पोट्टा दांड्याखालून निघायला लागला, त्याला दिवाकररावांनी शिट्टीनं मागं घेतलं. कोणाची तरी आई येऊन म्हणाली, की अंकल, गाडी बिघडलीय, उघडून टाका.

"मैडम, लाइन पे गाड़ी है तब तक गेट नहीं खुलता," दिवाकरराव म्हणाले. "बिगड़ी गाड़ी भी गाड़ी है."

पोरं चुळबुळायला लागली, आणि बंद फाटकापुढची चुळबूळ म्हणजे दिवाकररावांना जुन्या फाटकावरची हाक. त्यांनी स्टूल पुढं ओढलं. ऐंशी सालची गोष्ट, मोह टपकून राहिला होता. अर्धी मराठी, अर्धी हिंदी, अस्वलाचं घुरघुरणं तेवढं अस्सल. सकाळची वेळ, फाटक उघडं, स्टेशनातून फोन आलेला की मालगाडी सुटली, आणि मोहाची फुलं खात खात एक भलं मोठं अस्वल थेट फाटकापाशी. बारा मोटारींची चुळबूळ थांबली. अस्वल उठलं, चाललं, आणि त्यानं हँडलवर पंजा ठेवला.

सवयीनं दिवाकरराव थांबले आणि त्यांनी बोगद्याकडे पाहिलं.

गाडी आली नाही.

"फिर क्या हुआ?" लाल मोटारवाल्यानं विचारलं.

ज्या प्रश्नासाठी त्यांनी जन्म घालवला, तो हा असा समोर येऊन उभा राहिला. दिवाकररावांनी टोपी नीट केली. अस्वलाची नखं किती लांब होती ते सांगितलं. मग त्याचे केस. मग पुन्हा नखं.

"आबा, नाखून हो गये," पिंकी म्हणाली. "फिर?"

बाकावरून इंदू हळूच म्हणाली, "सांगा न आता. आज गाडी नाही येऊन राहिली."

"पेन्शन," दिवाकरराव पुटपुटले.

"बारा वर्षं झाली घरी बसून. आता काहून बंद होईल पेन्शन?"

दिवाकररावांनी एकदा बोगद्याकडे शेवटचं पाहून घेतलं. मग हातातल्या झेंडीशी बोलावं तसं म्हणाले, "फिर मैं गुमटी में घुस गया. और अंदर से कुंडी लगा ली."

मग लाल मोटारवाला जो हसला, तो स्टिअरिंगवर डोकं आपटेपर्यंत हसला. पाठोपाठ सगळी लाइन हसली. पिंकीला मात्र काळजी पडली. फाटक उघडंच राहिलं असेल ना, मग ते बंद कोणी केलं? दिवाकररावांनी हिरवी झेंडी बाकाच्या दिशेनं केली.

लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. क्वार्टरमधून इंदू परात आणि भाकरी उलटायचा सराटा घेऊन बाहेर आली आणि सराट्यानं परात बडवत सरळ अस्वलावर चालून गेली. अस्वल जंगलात पळालं. मग तिनं हँडलला लोंबकळून फाटक पाडलं आणि बेचाळीस डबे जाईस्तोवर हिरवी झेंडी धरून उभी राहिली. गार्डनं जाता जाता तिला सलाम ठोकला. हे इन्स्पेक्टरच्या कानावर गेलं असतं तर दिवाकररावांची नोकरी गेली असती. म्हणून शेवट आधी नोकरीच्या भीतीनं कोंडला, पुढं पेन्शनच्या, आणि नंतर नंतर नुसत्या लाजेनं.

पोरं मोटारी सोडून बाकाकडे धावली. त्यांनी विचारलं, इंदूनं सांगितलं: बिचारं मोह खायला आलं होतं, आवाजाला घाबरलं, मीही घाबरले होते, पण गाडी येत होती ना. संपली गोष्ट. दोन मिनिटं, शेवटासकट. दिवाकररावांना वाटलं, अशी सांगतात का? नखांचा तर उल्लेखसुद्धा नाही.

तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. शर्मिष्ठा म्हणाली, बाबूजी, चला. पण गाडी गेल्याशिवाय बाबूजी फाटक उघडायला तयार होईनात. शेवटी पिंकीच रुळावर उतरली. लाल मोटारवाल्यानं मागून तिचा फ्रॉक धरला, त्याचा शर्ट आणखी कोणी धरला, अशी पोरांचीच गाडी झाली, आणि बोगद्यामागून पिंकीनं तोंडानं भोंगा वाजवला.

दिवाकरराव झेंडी घेऊन उठले. दोन पावलं गेले, थांबले.

"इंदू, झेंडी तू धर. मी गेट पाहतो."

इंदू ठिपक्यांच्या मोज्यांत उभी राहिली. हात सरळ, नजर इंजिनावर. शेवटच्या डब्यानं जाता जाता तिला सलाम ठोकला. मग पोरं मोटारींत परतली आणि दिवाकररावांनी हँडल फिरवलं. मोटारी भराभर निघाल्या आणि नेहमीप्रमाणे एकीनंही मागं वळून पाहिलं नाही.

निळी तेवढी रिकामी उभी होती. तिची मालकीण आजीला चिकटून विचारत होती, तेही चक्क मराठीत, "आजी, मग पुढं काय झालं?"

"पुढचं मी सांगतो," दिवाकरराव म्हणाले, आणि त्यांनी स्टूल ओढलं.